मध्यम आकाराचा जुना डिजिटल कॅमेरा : एक अभ्यास

‘जुने ते सोने’ असे आपण सवयीने म्हणतो. पण यंत्रांच्या बाबतीत ही म्हण क्वचितच खरी ठरते. आमच्या पिंपरी-चिंचवडमध्ये तर यंत्र जुने झाले की त्याचा भाव किलोवर ठरतो. असे असताना २०१० साली बाजारात आलेला एक डिजिटल कॅमेरा चिंचवडच्या एका स्टुडिओत आजही कामाला आहे आणि मालकांना तो विकायचा नाही. गेले वर्षभर मी रविवारी त्या स्टुडिओत मदतनीस म्हणून जाते. कॅमेऱ्याचे नाव पेन्टॅक्स ६४५ डी. हा कॅमेरा का टिकला असावा, याचा शोध घेण्याचा हा प्रयत्न आहे. मी कला शाखेची विद्यार्थिनी असल्याने विज्ञानाच्या प्राध्यापकांनी शास्त्रीय भाग सांभाळून घ्यावा, ही विनंती.

प्रथम ‘मध्यम आकार’ म्हणजे काय ते पाहू. फिल्मच्या काळात हौशी लोक ३५ मिलिमीटरची फिल्म वापरत. तिच्यावरील चित्र ३६ × २४ मिलिमीटरचे असे. तालुक्याच्या स्टुडिओवाल्याकडे मात्र याशिकासारखा छातीशी धरून वरून पाहण्याचा कॅमेरा असे, आणि त्यात १२० नंबरची रुंद फिल्म बसे. माझ्या आजी-आजोबांचा एकुलता एक फोटो अशाच कॅमेऱ्याने काढलेला आहे. आजीच्या नथीतला मोती न् मोती त्यात मोजता येतो. या रुंद फिल्मवर ६ × ४.५ सेंटिमीटरचे चित्र घेणारा ६४५ हा कॅमेरा पेन्टॅक्सने १९८४ मध्ये आणला. नावातले आकडे त्यावरूनच आले आहेत. पुढे २०१० मध्ये फिल्मच्या जागी कोडॅक कंपनीचा ४४ × ३३ मिलिमीटरचा सेन्सर बसवून ६४५ डी तयार झाला. हा सेन्सर फिल्मच्या चौकटीपेक्षा लहान असला तरी ३५ मिलिमीटरच्या चौकटीच्या पावणेदोनपटीच्या जवळपास आहे, आणि त्यावर ४ कोटी बिंदू आहेत. १९८४ ची भिंगेही त्याला चालतात. आमच्या स्टुडिओतले एक भिंग माझ्यापेक्षा वयाने बरेच मोठे आहे.

हा सेन्सर सीसीडी जातीचा आहे. सीसीडीची कल्पना १९६९ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत बॉइल आणि स्मिथ या दोघांना सुचली आणि त्याबद्दल त्यांना २००९ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. तिचे काम समजायला स्लॅब टाकण्याचे दृश्य डोळ्यांसमोर आणावे. मजूर ओळीने उभे राहतात आणि भरलेले घमेले हातोहात पुढे सरकत जाते. सीसीडीतही प्रत्येक बिंदूवर प्रकाशाने साठलेला विद्युत्भार शेजारच्या बिंदूकडे, तिथून पुढच्याकडे, असा सरकत काठाशी येतो आणि तिथे मोजला जातो. आजच्या सीमॉस सेन्सरमध्ये प्रत्येक बिंदूला स्वतःचा प्रवर्धक असतो, म्हणून तो वेगवान. आमचा कॅमेरा सेकंदाला जेमतेम एक फोटो काढतो.

सीसीडीचे रंगच निराळे, ते नव्या कॅमेऱ्यात मिळत नाहीत, असे जाणकार मंडळी मोठ्या भक्तिभावाने सांगतात. मला ते फारसे पटलेले नाही. एकच गिअर, एकच दिवा ठेवून आम्ही जुन्या आणि नव्या कॅमेऱ्याने फोटो काढून पाहिले. व्हाइट बॅलन्स सारखा केल्यावर कोणता कोणाचा, हे मला ओळखता येईना. रंग हा सेन्सरवरच्या गाळण्या, भिंग, दिवा आणि पुढचे संस्करण या सगळ्यांनी मिळून ठरतो. एकट्या सीसीडीला त्याचे श्रेय देणे ही श्रद्धा झाली.

खरे कारण कामात आहे, असे मला वाटते. चाकणच्या वाहन कारखान्यांना सुटे भाग पुरवणारे लघुउद्योग भोसरी, तळवडे भागात पसरलेले आहेत. त्यांच्या माहितीपत्रकांसाठी कास्टिंग, शाफ्ट, गिअर यांचे फोटो लागतात. लोखंडाचा तुकडा हलत नाही, हसत नाही, पळून जात नाही. प्रकाश आपल्या हातात असतो. अशा कामाला वेग लागत नाही. लागतो तो बारकावा. ४ कोटी बिंदूंतून इंचाला ३०० च्या हिशेबाने सुमारे २४ × १८ इंचांचा छापील फोटो निघतो, आणि माहितीपत्रकाचे पान तर त्याहून कितीतरी लहान. शिवाय प्रतिमा किंचित मऊ करणारी गाळणी या सेन्सरसमोर नाही. त्यामुळे बारीक विणीच्या कापडावर कधीकधी इंद्रधनुषी लहरी उमटतात, पण धातूवरचा ओरखडा लपत नाही.

माझे वडील आठवीनंतर शाळा सोडून भोसरीत लेथवर लागले. घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. या कॅमेऱ्याबद्दल सांगितले तेव्हा दादांनी एवढेच विचारले, “दिवसाला किती फोटो निघतात?” मी म्हटले, “वीस-पंचवीस.” ते म्हणाले, “मग टिकायचा नाही.” ते काम करतात त्या वर्कशॉपमध्ये सीएनसी यंत्रे आल्यापासून जुने लेथ एकेक करून गेले. दादांचा तेवढा उरला आहे, एकट-दुकट जॉबसाठी. कधीपर्यंत, ते कोणी सांगत नाही. नंतर मी त्यांना एका शाफ्टचा फोटो संगणकावर मोठा करून दाखवला. ते बराच वेळ गप्प होते. मग पडद्यावर बोट ठेवून म्हणाले, “हितपर्यंत टूल चांगलं हाय. हितनं पुढं धार गेलीय. बदलायला पायजे होतं.” मला तिथे नुसत्या रेघा दिसत होत्या.

या कॅमेऱ्याचे दोष झाकण्याचे कारण नाही. कमी उजेडात फोटो दाणेदार होतो, चलच्चित्रण नाही, आणि मागच्या पडद्यावर आधी दृश्य पाहण्याची सोयही नाही. डोळा लावून आरशातूनच पाहावे लागते. वजन जवळजवळ दीड किलो. लग्नाच्या मांडवात तो नेण्यात अर्थ नाही. त्यासाठी मालकांनी वेगळा कॅमेरा घेतलेला आहे. २०१४ मध्ये आलेल्या ६४५ झेडमध्ये सीमॉस सेन्सर बसवून यातील बऱ्याच उणिवा दूर करण्यात आल्या. पण तो घेण्याइतके माहितीपत्रकांचे काम आमच्याकडे येत नाही, हेही जुना टिकण्याचे एक कारण आहे आणि ते लपवू नये.

मोठी अडचण पुढे आहे. कोडॅकने आपला सेन्सरचा विभाग २०११ मध्ये विकला आणि २०१२ च्या जानेवारीत कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. पेन्टॅक्सचा कॅमेरा व्यवसायही २०११ मध्येच रिको कंपनीकडे गेला. आमच्या कॅमेऱ्याचा सेन्सर उद्या बंद पडला, तर त्या जागी नवा बसवणे परवडण्यासारखे नाही. भिंगे तेवढी राहतील, कारण ती ६४५ झेडलाही चालतात. तूर्त पुढच्या आठवड्यात एका फाउंड्रीच्या चाळीस जॉबचे फोटो काढायचे आहेत. बॅटऱ्या आदल्या रात्री चार्ज करून ठेवण्याचे काम माझ्याकडे आहे.