वापरलेली मुखपट्टी आणि बहात्तर तासांचा हिशेब

एकदाच वापरून टाकावयाची तीन पदरी मुखपट्टी हाताला कापडासारखी वा कागदासारखी लागते आणि या स्पर्शामुळेच अनेकांची फसगत होते. तिचे पदर सामान्यतः पॉलिप्रॉपिलीन या प्लॅस्टिकच्या तंतूंचे असतात. नाकावरील तार निराळी, कानांत अडकवायचे लवचिक बंद त्याहून निराळे. मातीत ती कुजत नाही. उन्हापावसात तिचे सूक्ष्म तंतू मात्र सुटत राहतात. हे प्लॅस्टिक पाण्याहून हलके असल्याने बसस्थानकाच्या गटारात पडलेली मुखपट्टी पहिल्या पावसासरशी नाल्याच्या वाटेला लागते. ओशन्सएशिया या संस्थेच्या अंदाजानुसार केवळ २०२० या वर्षात सुमारे १५६ कोटी मुखपट्ट्या समुद्रात गेल्या असाव्यात.

एका मुखपट्टीचे वजन अवघे तीन-चार ग्रॅम. एक किलो भरण्यास तीनशेच्या आसपास वेचाव्या लागतील, शिवाय तार व बंद वेगळे काढावे लागतील. बाटली किंवा पुठ्ठा उचलणारा कचरावेचक तिच्याकडे पाठ फिरवतो, आणि त्याच्या दृष्टीने ते रास्तच आहे. ज्या वस्तूला बाजारभावच नाही, ती कोणीतरी मुद्दाम उचलावी लागते. तो हात बहुधा सफाई कामगाराचा असतो व पुष्कळदा त्यावर हातमोजाही नसतो.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने जुलै २०२० च्या सुधारित मार्गदर्शक सूचनांत यावर साधा तोडगा दिला होता. कोविड रुग्णाची मुखपट्टी पिवळ्या पिशवीतून जैववैद्यकीय कचऱ्यात जावी. इतरांच्या मुखपट्ट्या घरी कागदी पिशवीत किमान ७२ तास ठेवून, पुनर्वापर होऊ नये म्हणून कापून, सुक्या कचऱ्यात द्याव्यात. कार्यालये व दुकानांनी त्याकरिता स्वतंत्र डबा ठेवून तीन दिवसांनी तसेच करावे. बँकेच्या परिभाषेत ही तीन दिवसांची मुदत ठेवच म्हणायची, फक्त व्याजाविना!

सूचना निर्दोष असली तरी अंमलबजावणीत एक डबा पुरत नाही. रोज नवा कचरा जुन्यात पडत राहिला तर मुदत कधीच पुरी होत नाही. सोमवारी सायंकाळी बांधलेली पिशवी गुरुवारी सायंकाळीच बाहेर जाऊ शकते. तोवर मंगळवार-बुधवारच्या पिशव्याही बांधून ठेवलेल्या असतात आणि गुरुवारची भरत असते. म्हणजे जागा चार पिशव्यांची हवी आणि प्रत्येकीवर तारखेची चिठ्ठी. शाखेत दिवसाला शंभर मुखपट्ट्या जमल्या तरी वजन साडेतीनशे ग्रॅमच. अडचण आहे ती जागेची. कापण्याचे काम कोणाचे, हेही आधीच ठरवलेले बरे. एरवी कात्री आपोआप त्याच सफाई कामगाराच्या हाती येते.

सक्ती सरली तरी रुग्णालयांच्या बाह्यरुग्ण विभागांत व दिल्लीच्या हिवाळी धुरक्यात मुखपट्टी अद्याप दिसतेच. ती बहुधा बाहेर पडताच काढली जाते. म्हणून पायाने उघडणारा झाकणाचा डबा प्रवेशद्वारापेक्षा बाहेर जाण्याच्या दाराशी ठेवलेला अधिक भरतो.