दोन पुसेगावे आणि यंत्राने लिहिलेली आज्ञावली

हिंगोली जिल्ह्याच्या सेनगाव तालुक्यात पुसेगाव आहे. सातारा जिल्ह्याच्या खटाव तालुक्यातही पुसेगाव आहे. माणसास हा भेद सहज कळतो. संगणकास तो कळावा म्हणून केंद्र शासनाच्या स्थानिक शासन निर्देशिकेत प्रत्येक गावास स्वतंत्र संकेतांक दिलेला आहे.

एका कार्यालयाचा संगणक दुसऱ्याकडून ठराविक पद्धतीने माहिती मागतो, ती व्यवस्था म्हणजे वेब एपीआय. मागणी पाठविण्याची व उत्तर उलगडण्याची आज्ञावली प्रत्येकाने वेगळी लिहिण्याऐवजी एकदाच तयार करून सर्वांस दिली, तर तिला क्लायंट लायब्ररी म्हणतात. ती हाताने लिहावी लागतेच असे नाही. एपीआयचे वर्णन ओपनएपीआय या मान्य नमुन्यात केलेले असेल, तर ओपनएपीआय जनरेटरसारखे साधन त्यावरून पायथन, जावा आदी भाषांतील लायब्ररी अल्पावधीत तयार करते. भारत सरकारने खुल्या एपीआयसंबंधीचे धोरण २०१५ मध्येच जाहीर केले आहे.

मात्र वर्णनात जे नाही, ते यंत्रास ठाऊक नसते. समजा, एखाद्या योजनेच्या लाभार्थ्यांची यादी मागवावयाची आहे. वर्णनात बँक खाते क्रमांकाचा रकाना 'संख्या' म्हणून नोंदला गेला, तर आरंभीची शून्ये गळून पडतील आणि पुसेगावच्या लाभार्थ्याचे अनुदान अडकेल. हा रकाना 'मजकूर' असाच हवा. त्यावर बेरीज-वजाबाकी कोणी करीत नाही! गावाचे नाव सक्तीचे आणि संकेतांक ऐच्छिक ठेवला, तर दोन्ही पुसेगावांच्या याद्या एकत्र होतील.

अशी चूक आढळताच तयार आज्ञावलीतच दुरुस्ती करण्याचा मोह होतो. पुढच्या वेळी लायब्ररी नव्याने तयार होते, तेव्हा ती दुरुस्ती पुसली जाते आणि चूक परत येते. म्हणून मूळ वर्णन सुधारून लायब्ररी पुन्हा तयार करावी.

पायथनची लायब्ररी पायपीआय या सार्वजनिक भांडारात, तर जावाची मेव्हन सेंट्रलमध्ये प्रसिद्ध करता येते. प्रत्येक आवृत्तीस तीन भागांचा क्रमांक देण्याचा प्रघात आहे. खाते क्रमांक संख्येऐवजी मजकूर केल्यास वापरणाऱ्यांच्या जुन्या आज्ञावल्या अडू शकतात. अशा वेळी पहिला अंक वाढवावा. वापरणाऱ्या कार्यालयानेही आवृत्ती निश्चित नोंदवून ठेवावी. एपीआयची गुप्त किल्ली लायब्ररीत कधीही घालू नये. प्रसिद्धीपूर्वी शून्याने सुरू होणारा काल्पनिक खाते क्रमांक, देवनागरीतील नावे आणि दोन्ही पुसेगावांचे संकेतांक देऊन चाचणी घ्यावी.