लाईट, पाणी, गॅस: लोहगडवाडीत घराची सोय किती रुपयांत होते?

लोहगडवाडीत घर करणाऱ्याने, किंवा गडाखाली पाहुण्यांच्या राहण्याजेवणाची सोय चालवणाऱ्याने, पहिला खर्च वीस रुपयांच्या वहीवर करावा. लाईट किती वाजता गेली, किती वाजता आली, आपल्याच घरची गेली की सगळ्या वाडीची, नळाला पाणी किती वेळ होतं, एवढं महिनाभर लिहून ठेवा. ही नोंद नसेल तर दुकानदार विचारतो, "घरात काय काय आहे?" आणि फ्रिज, गिझर, मिक्सर अशी सगळी बेरीज करून सगळ्यात मोठं यंत्र गळ्यात मारतो. थोड्या पण न थांबणाऱ्या गरजा आधी वेगळ्या काढा: दिवे, पंखा, फोन, प्यायचं पाणी, एक शेगडी. यांची सोय स्वतः करणं परवडतं. बाकीचं सगळं स्वतःच्या खिशातून उभं करायला गेलं की पैसा संपतो आणि गैरसोय उरतेच.

वीज इथे का जाते हे समजून घेतलं तर खर्च नेमका कुठे करायचा ते कळतं. मळवलीहून भाजे गावावरून वाडीकडे येताना नुसता चढ आणि झाडी. वळवाच्या वाऱ्यात एक फांदी तारेवर टेकली तरी खांबावरचा डीओ फ्यूज उडतो आणि अख्खी वाडी अंधारात जाते. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळाने मावळात किती खांब आडवे केले ते इथल्या कुणाला सांगायला नको. अशा वेळी बांबूने डीओ उचलून बसवायचं धाडस गावोगाव केलं जातं. ते कुणीही करू नये. ११ हजार व्होल्टची लाईन आहे, आणि ओला बांबू वीज वाहून नेतो.

तक्रार नोंदवायला मात्र एक पैसा लागत नाही. "वायरमनला फोन केला होता" ही तक्रार नव्हे. १९१२ वर, किंवा १८००-२१२-३४३५ वर, बिलावरचा बारा अंकी ग्राहक क्रमांक सांगा आणि तक्रार क्रमांक वहीत उतरवून घ्या. महावितरणच्या मोबाईल ॲपवरूनही नोंद होते. महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाच्या २०२१ च्या विनियमांत फ्यूज, तार, रोहित्र अशा बिघाडांसाठी वेगवेगळ्या मुदती आहेत. ग्रामीण भागासाठी त्या शहरापेक्षा सैल आहेत, पण आहेत, आणि त्या चुकल्या तर ग्राहकाला भरपाईचा हक्क आहे. ही मुदत मोजायची ती नोंदलेल्या तक्रारीपासून. नोंदच नसेल तर मोजणार काय? कार्यालयात दाद लागली नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंचाकडे जाता येतं. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत अर्ज गेला पाहिजे. त्यापुढे विद्युत लोकपाल आहेत.

आता इन्व्हर्टर. १५० अँपिअर-तासाची १२ व्होल्टची बॅटरी म्हणजे कागदावर १,८०० वॅट-तास. प्रत्यक्षात बॅटरी पूर्ण रिकामी करायची नसते आणि यंत्रातही वीज खर्च होते, म्हणून हाती येतात सुमारे १,२००. जुने दोन पंखे १५० वॅट, नऊ वॅटचे चार दिवे ३६, राउटर आणि फोन १५ धरा. एकूण दोनशे वॅट, म्हणजे सहा तास. तेच पंखे बदलून तीस-तीस वॅटचे बीएलडीसी लावले की भार ११० वर येतो आणि तीच बॅटरी दहा तासांच्या वर पुरते. असे दोन पंखे साधारण पाच ते सात हजारांत येतात. दुसरी बॅटरी घ्यायची तर पंधरा हजार, वर दोन बॅटऱ्यांवर चालणारा मोठा इन्व्हर्टर. म्हणून आधी पंखे बदला, मग इन्व्हर्टर निवडा. ९०० व्हीएचा इन्व्हर्टर आणि ट्युब्युलर बॅटरी मिळून वीस ते पंचवीस हजार पकडा. भाव दुकानागणिक हलतात. जुनी बॅटरी परत दिली तर बिलातून किती वजा होणार ते आधी ठरवून घ्या.

एक गोष्ट दुकानात सांगितली जात नाही. रिकामी बॅटरी पुरती भरायला दहा-बारा तास सलग वीज लागते. दिवसातून चारच तास लाईट येत असेल तर दुप्पट मोठी बॅटरी घेऊनही ती अर्धीही भरणार नाही. ट्युब्युलर बॅटरीच्या झाकणांवर तरंगते दर्शक असतात. ते दर महिन्याला बघा. लाल खुणेला उतरले की डिस्टिल्ड वॉटरच घाला. विहिरीचं, नळाचं किंवा छपराचं पाणी घातलं की बॅटरीचं आयुष्य घटतं. बॅटरी चुलीजवळ किंवा बंद कपाटात ठेवू नका, भरताना तिच्यातून पेट घेणारा वायू निघतो.

जनरेटरचा मोह हॉटेलवाल्यांना होतो. दोन-अडीच केव्हीएचा पेट्रोल जनरेटर ३५ ते ६० हजारांना. एक लिटर पेट्रोलवर जेमतेम दीड-दोन युनिट वीज मिळते, म्हणजे युनिट पन्नास-साठ रुपयांना पडतं. डीप फ्रीझरमध्ये माल भरलेला असेल तरच हे परवडतं, दिवे-पंख्यांसाठी मुळीच नाही. आणि तो घराच्या आत, पडवीत किंवा खिडकीखाली कधीही चालवू नका. त्याच्या धुराने झोपेतच जीव जातो.

सौरऊर्जेबाबत फार जणांची फसगत होते म्हणून स्पष्ट लिहितो. पीएम सूर्यघर योजनेत दोन किलोवॅटपर्यंत दर किलोवॅटला ३० हजार, तिसऱ्या किलोवॅटला १८ हजार, असं जास्तीत जास्त ७८ हजारांचं अनुदान आहे. बिल कमी करायला योजना चांगली. पण वाहिनीला जोडलेली साधी यंत्रणा लाईट गेली की आपोआप बंद पडते, भर उन्हातही. लाईन दुरुस्त करणाऱ्या वायरमनला झटका बसू नये म्हणून ते मुद्दाम तसं केलेलं असतं. लाईट गेल्यावरही चालायला हवी तर हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी लागते, आणि हे अनुदान बॅटरीसाठी नाही. शिवाय जुलै-ऑगस्टमध्ये इथे दिवसचे दिवस सूर्य दिसत नाही. विक्रेत्याला एकच प्रश्न विचारा: "लाईट गेल्यावर माझ्या घरात काय चालेल?" उत्तर कोटेशनवर लिहून घ्या.

पाण्याचं दुखणं याहून जुनं. खाली पवनेचं धरण भरलेलं दिसतं आणि उन्हाळ्यात वाडीवर हंड्यांची रांग लागते. धरणाचं पाणी बंद नळाने पिंपरी-चिंचवडला नेण्याच्या प्रश्नावर ९ ऑगस्ट २०११ ला बऊरजवळ मावळच्या शेतकऱ्यांवर गोळीबार झाला, माणसं गेली. तो प्रश्न एकट्या घराने सुटणारा नाही. प्यायच्या पाण्याचा मात्र सुटतो. पन्नास चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे पन्नास लिटर. शंभर मिलिमीटरचा एकच दिवस, आणि असे दिवस इथल्या जुलैला नवे नाहीत, सांडलवंड जाता चार हजार लिटर देऊन जातो. जलजीवन मिशनचं माणशी रोज ५५ लिटरचं माप लावलं तर चौघांना साठवलेलं पाच हजार लिटर तीन आठवडे पुरतं. पण फक्त पिण्या-स्वयंपाकाला माणशी पाच लिटर धरले तर तेच पाणी अडीचशे दिवस जातं, म्हणजे ऑक्टोबर ते मृग!

हजार लिटरच्या पाच टाक्या ३० ते ४५ हजारांत येतात, आणि एकदम घ्यायची गरज नाही. मला एका मोठ्या टाकीपेक्षा या बऱ्या वाटतात. चढावर नेता येतात आणि एकीचं पाणी बिघडलं तरी बाकीच्या वाचतात. पन्हळी, पाइप, जाळी यांचे पाच-सात हजार वेगळे. पहिल्या पावसाचं पाणी वाहून जाऊ द्या, टाकी उजेड शिरणार नाही अशी, काळ्या रंगाची किंवा झाकलेली ठेवा, आणि गंजक्या किंवा सिमेंटच्या जुन्या पत्र्यावरचं पाणी पिऊ नका. पाणी शुद्ध करायचं मेडिक्लोर आशाताईंकडे विचारा, बाटलीवर लिहिलंय तेवढंच घाला.

वापराच्या पाण्याला टँकर लागलाच तर दहा हजार लिटरला अंतर आणि चढ पाहून दीड ते तीन हजार पडतात. "एक टँकर" असा सौदा करू नका, लिटर ठरवा. पावसाळ्यात शनिवार-रविवारी भाज्याचा रस्ता पर्यटकांच्या गाड्यांनी तुंबतो, तेव्हा ना टँकर वर येतो ना गॅसची गाडी. दोन्ही गोष्टी बुधवार-गुरुवारी मागवा.

गॅसला दुसरी बाटली घेऊनच ठेवा. १४.२ किलोच्या बाटलीची अनामत २०२२ पासून २,२०० रुपये आहे आणि ती परत मिळते. पोचवण्याचा आकार बिलात धरलेला असतो. गोदामातून स्वतः आणली तर तो वजा करून मागा. वजन काट्यावर करून घ्या, रिकाम्या बाटलीचं वजन तिच्या कड्यावर कोरलेलं असतं. गळती वाटली तर १९०६. पाहुण्यांचा स्वयंपाक घरगुती बाटलीवर करणं बेकायदेशीर आहे, त्याला १९ किलोचीच लागते.

फोनला दोन कंपन्यांची सिमं ठेवा, कारण लांबलेल्या अंधारात टॉवरची बॅटरीही उतरते. १०८, ११२ आणि वायरमनचा नंबर भिंतीवर लिहिलेला असू द्या.

पन्हळी-पाइप सोडून पंखे, इन्व्हर्टर, टाक्या आणि दुसरी बाटली साठ ते ऐंशी हजारांत होतं, आणि ते दोन वर्षांत वाटून घेता येतं. नवी डीपी (रोहित्र), जुन्या तारा बदलणं, झाडांची छाटणी हा खर्च कुणा घराचा नाही. त्यासाठी वह्यांतल्या तारखा आणि तक्रार क्रमांक एकत्र करून १ मेच्या ग्रामसभेत ठराव मांडा. रोहित्राला जिल्हा नियोजनातून निधी मिळू शकतो, पण ठराव आणि मागणीपत्र लागतं. ठरावाची प्रत महावितरणच्या उपविभागीय कार्यालयाच्या आवक विभागात देऊन शिक्का आणि तारखेसह पोच घ्या. छाटणी मात्र मेअखेरपर्यंत व्हायला हवी, कारण पाऊस लागल्यावर त्या चढावर शिडी टेकवणं वायरमनच्या जिवावरचं काम असतं.