पेवात उतरण्याआधी

मंगळवेढ्याच्या काळ्या रानातली मालदांडी ज्वारी मळून झाली. आता पोती रचण्याआधी घरच्या घरी एक गोष्ट करून पाहा. तांब्या ज्वारीने काठोकाठ भरा आणि वरून हळूहळू पाणी ओता. भरलेल्या तांब्यातही तिसऱ्या हिश्श्याहून जास्त पाणी मावते, कारण दाण्यांमध्ये तेवढी हवा असते. म्हणजे १०० लिटरच्या पिंपात ज्वारी भरली तरी ३५-४० लिटर हवा आतच राहते, आणि धान्य टिकणार की सोंडे पोसणार, हे बरेचसे तीच ठरवते.

दाणा जिवंत असतो, श्वास घेतो. ओल जास्त तितका श्वास जोरात, आणि धान्य तापते. म्हणून ओलावा १० टक्क्यांच्या आसपास येईपर्यंत वाळवा. दाताखाली दाणा कट्कन फुटला पाहिजे. उन्हाची आपल्याकडे टंचाई नाही, घाई तेवढी नको. ज्वारी गार झाल्यावरच भरा. हवाबंद पिशवी असेल तर गच्च भरा, वरची हवा दाबून काढा आणि तोंड पिळून बांधा. आतला प्राणवायू संपला की किडे गुदमरतात. मात्र दर दोन दिवसांनी तोंड सोडून आत डोकावणार असाल तर पिशवीचे पैसे वाया. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, पण पोखरलेल्या पोत्याला नावावर भाव मिळत नाही.

किडीच्या गोळ्या घरात वापरूच नका. त्यांतून निघणारा वायू धान्यातच थांबत नाही, दाराच्या फटीतून शेजारच्या झोपायच्या खोलीतही भरतो. हे काम प्रशिक्षित माणसाचे, आणि तेही राहत्या घरापासून दूरच्या गोदामात.

जुन्या पेवाचे, म्हणजे जमिनीतल्या साठवणीच्या खड्ड्याचे, तंत्रही हवाबंद पिशवीचेच. सांगलीजवळच्या हरिपूरला हळद अशीच पेवांत ठेवत. तोंड लिंपले की आत कार्बन डायऑक्साइड साठतो आणि धान्य राखतो. धोकाही त्याचाच. तो हवेच्या दीडपट जड, त्याला ना रंग ना वास. तोंड उघडले म्हणून खड्ड्यातून निघून जात नाही. जसजसे धान्य निघते तसतशी रिकामी जागा तोच व्यापत जातो. वरून धान्य काढताना काही वाटत नाही, खाली वाकले की भोवळ येते. विजेच्या ब्लोअरचा पाइप थेट तळापर्यंत सोडून बराच वेळ ताजी हवा भरा. मग दोरीने कंदील सोडा. विझला तर उतरायचे नाही. तेवत राहिला तरी निर्धास्त होऊ नका: कमरेला दोर बांधूनच उतरा आणि वर दोन माणसे ठेवा. आतला माणूस कोसळला तर दोराने ओढा. त्याच्यामागे उडी टाकणारा सख्खा भाऊही तिथेच पडतो. अशा अपघातांत एकाच घरातली दोन-तीन माणसे जातात ती यामुळेच.

मे महिन्यात विहिरीचा गाळ काढतानाही हेच पाळा. तिथे आणखी एक घातक सवय आहे: डिझेल इंजिन आत उतरवण्याची. पाणी सहा-सात मीटरपेक्षा खोल गेले की वर ठेवलेला पंप ते ओढत नाही, म्हणून लोक तसे करतात. पण इंजिनाच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड विहिरीत कोंडतो आणि कंदील त्याची वर्दी देत नाही. पाण्यात बुडणारी वीजमोटर भाड्याने आणा, आणि ती चालू असताना कोणालाही पाण्यात उतरू देऊ नका.