गव्हाची उधारी आणि बदनाम तर्जुमान
अल्जिअर्सच्या थकबाकीतून व्यापाऱ्यांनी घ्यावयाचा धडा

उधारीशिवाय धंदा चालत नाही आणि उधारीनेच धंदा बुडतो, हे आपल्या बाजारपेठेतील प्रत्येकजण जाणतो. परंतु मालाच्या एका थकबाकीतून एक देश गेला आणि 132 वर्षे परत मिळाला नाही, ही हकीकत फार थोड्यांना ठाऊक आहे. ही हकीकत अल्जिअर्सची आहे. भिवंडीचा यंत्रमागवाला असो, मालेगावचा सूत व्यापारी असो वा धारावीचा चामडे कारागीर, प्रत्येकाने ती आपल्या वहीशी ताडून पाहावी.

उधारी कशी झाली?

अठराव्या शतकाच्या अखेरीस अल्जिअर्स नावापुरते उस्मानी सुलतानाच्या अधिपत्याखाली होते. प्रत्यक्षात कारभार 'दे' हा तेथील सत्ताधीश पाहत असे. 1789 च्या क्रांतीनंतर फ्रान्सभोवती शत्रूंचा वेढा पडला आणि सैन्याला धान्य कमी पडू लागले. तेव्हा फ्रान्सने अल्जिअर्सचा गहू उधारीवर उचलला. हा व्यवहार बक्री आणि बुस्नाच या तेथील दोन यहुदी व्यापारी घराण्यांच्या पेढीमार्फत झाला.

येथेच पहिली गुंतागुंत आहे. पेढीचे येणे फ्रान्सकडे होते आणि दे याचे येणे पेढीकडे होते. दे पैसे मागू लागला की पेढी म्हणे, फ्रान्सने दिले की आम्ही देऊ. आपल्याकडे दलालामार्फत माल देणाऱ्यांना हे उत्तर नवे नाही.

1798 मध्ये नेपोलियनने मिसरवर स्वारी केली. सुलतानाच्या आज्ञेवरून अल्जिअर्सला फ्रान्सविरुद्ध युद्ध पुकारावे लागले आणि वसुली थांबली. 1801 च्या तहात फ्रान्सने देणे मान्य केले, पण पूर्ण फेड झाली नाही. 1805 मध्ये पेढीचा प्रमुख नफताली बुस्नाच याचा अल्जिअर्समध्ये खून झाला. माणसे गेली, राजवटी बदलल्या, येणे मात्र तसेच राहिले.

तर्जुमान म्हणजे कोण?

1815 मध्ये फ्रान्सने पिएर देवाल याला अल्जिअर्सचा वाणिज्यदूत नेमले. हा गृहस्थ इस्तंबूलमध्ये जन्मलेला, तर्जुमानांच्या घराण्यातला, आणि स्वतःही पूर्वी दुभाष्याचे काम केलेला. युरोपीय लोक ज्याला 'ड्रॅगोमन' म्हणत, तो शब्द अरबी 'तर्जुमान' याचेच बिघडलेले रूप आहे. मुंबई बंदरात जहाजांना माल पुरविणाऱ्यास 'दुबाश' म्हणत. तोही मुळात दुभाषीच.

त्या काळी तर्जुमान केवळ शब्द फिरवीत नसे. अर्ज तोच लिही, फर्मान तोच वाचून दाखवी, भाव तोच ठरवी आणि नजराणाही त्याच्याच हातून जाई. वकिलातीच्या नोकरीमुळे त्याला करात सवलत व न्यायालयात संरक्षण मिळे. हे संरक्षणाचे परवाने पुढे स्थानिक व्यापाऱ्यांना पैसे घेऊन विकण्याचा धंदाच सुरू झाला. फ्रान्सचा मंत्री कोल्बेर याने 1669 मध्येच फ्रेंच मुलांना पूर्वेकडील भाषा शिकविण्याची व्यवस्था केली. परक्या दुभाष्यांवर विसंबणे धोक्याचे आहे, हे त्याने ओळखले होते. दोन्ही बाजूंची भाषा एकालाच येत असेल, तर दोन्ही बाजूंचे गुपित त्याच्याच खिशात राहते.

देवालला तुर्की उत्तम येत असे. पण अल्जिअर्समध्ये त्याची पत राहिली नाही. 1818 मध्ये सत्तेवर आलेल्या हुसेन दे याचा त्याच्यावर विश्वास नव्हता. आपली पत्रे पॅरिसला नीट पोचत नाहीत आणि हा माणूस पेढीवाल्यांशी संगनमत करून आहे, असा त्याचा संशय होता.

सत्तर लाखांचा निवाडा

1819 मध्ये पॅरिसला हिशेब मिटला. मागणी दोन कोटी फ्रँकांच्या वर होती, ठरले 70 लाख. 1820 मध्ये फ्रेंच संसदेने त्यास मंजुरी दिली. पण करारात एक कलम होते. पेढीकडे ज्या फ्रेंच नागरिकांचे येणे असेल, त्यांनी आधी फ्रेंच न्यायालयात दावा लावावा आणि तेवढी रक्कम राखून ठेवावी. झाले असे की काही रक्कम बक्री घराण्याच्या हाती पडली आणि बाकीची दाव्यांत अडकली. दे याच्या हाती एक छदामही आला नाही. तडजोडीच्या कागदावर त्याचे येणे कोठेच नव्हते.

याच सुमारास किनाऱ्यावरील वखारींचा वाद चिघळला. ला काल येथील पोवळ्यांची मासेमारी व व्यापार फ्रान्सकडे होता. 1807 मध्ये दे याने तो मक्ता इंग्रजांना दिला आणि काही वर्षांनी तो पुन्हा फ्रान्सकडे आला. वाणिज्यदूताचा पुतण्या अलेक्सांद्र देवाल याने तेथील वखारीवर तोफा चढविल्या. व्यापाराच्या परवान्यात किल्ल्याची परवानगी नव्हती.

पंख्याचा फटका

एप्रिल 1827 च्या अखेरीस, रमजान ईदच्या निमित्ताने देवाल भेटीला गेला. हुसेनने विचारले, माझ्या पत्रांना तुमच्या राजाचे उत्तर का नाही? बोलणे तुर्कीत झाले, मध्ये तिसरा दुभाषी नव्हता. देवाल नेमके काय बोलला यावर दोन कैफियती आहेत. हुसेनच्या म्हणण्याप्रमाणे त्याने धर्माचा व सुलतानाचा अवमान केला, म्हणून हातातील माश्या वारण्याच्या पंख्याने दोन-तीन हलके फटके दिले. देवालने आपल्या सरकारला कळविले की आपणास मारहाण झाली. पॅरिसने आपल्या माणसाचीच कैफियत धरली.

जून 1827 मध्ये फ्रेंच आरमाराने अल्जिअर्सची नाकेबंदी केली. ती तीन वर्षे चालली आणि मार्सेयच्या व्यापाऱ्यांचेही त्यात नुकसान झाले. देवाल 1829 मध्ये मरण पावला, पण त्याने लावलेली आग विझली नाही. 14 जून 1830 रोजी सुमारे 37 हजार फ्रेंच सैन्य किनाऱ्यावर उतरले. 5 जुलै रोजी अल्जिअर्स पडले. खजिन्यातून सरकारी हिशेबाप्रमाणे सुमारे 4 कोटी 80 लाख फ्रँक नेण्यात आले. ज्याचे येणे होते, त्याचीच तिजोरी देणेकऱ्याने फोडली! हुसेन परदेशी गेला आणि 1838 मध्ये अलेक्झांड्रियात वारला. अल्जीरिया स्वतंत्र झाला तो 5 जुलै 1962 रोजी.

केवळ पंख्यामुळे युद्ध झाले असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. राजा दहावा चार्ल्स घरी अडचणीत होता, त्याला परदेशात विजय हवा होता. पण निमित्त मिळाले ते थकीत हिशेबातून आणि अविश्वासू मध्यस्थातून. दोषही कोणा एका जमातीचा नव्हे. दोष कच्च्या व्यवहाराचा होता.

आपण काय घ्यावे?

1. येणे थेट आपल्या नावे लिहून घ्या. कुरआनातील सर्वांत दीर्घ आयत (अल्-बकरा, 282) उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयी व साक्षीदारांविषयी आहे, हे आपण ऐकतो, पण दुकानात विसरतो.

2. 'तो देईल तेव्हा मी देईन' हे मान्य करू नका. फिकहमध्ये 'हवाला' म्हणजे एकाचे देणे दुसऱ्यावर सोपविणे. आज बाजारात या शब्दाला वाईट अर्थ आला असला तरी मूळ व्यवहार रीतसर आहे. तो करावयाचा तर तिघांच्या सह्यांनी करा. दे याच्याजवळ असा कागद असता, तर पॅरिसच्या तडजोडीत त्याला जागा मागता आली असती.

3. मुदत सांभाळा. 1963 च्या मुदत कायद्याप्रमाणे मालाच्या पैशांचा दावा साधारणपणे तीन वर्षांत लावावा लागतो. मुदत संपण्यापूर्वी देणेकऱ्याने सहीनिशी बाकी कबूल केली, तर तेथून नवी मुदत सुरू होते. म्हणून दरवर्षी बाकीच्या पत्रकावर सही घ्या. केवळ आपल्या वहीतील नोंद न्यायालयात पुरी पडत नाही.

4. लघुउद्योगाची नोंदणी करा. 2006 च्या कायद्याप्रमाणे नोंदणीकृत सूक्ष्म व लघु उत्पादकाचे पैसे लेखी करार असला तरी 45 दिवसांच्या आत द्यावे लागतात. सर्वांत लहान कारागिराला हे ठाऊकच नसते.

5. दुभाष्या एकच ठेवू नका. आखाती देशांतील अरबी करार असो वा बँकेचा इंग्रजी कागद, ज्याला या सौद्यात दलाली मिळणार आहे, त्याच्याकडूनच वाचून घेऊ नका. दुसऱ्या जाणकाराकडून तर्जुमा करून घ्या. आणि घरातील एका मुलाला ती भाषा शिकवा.

6. रागात हात उचलू नका. हुसेनचे येणे खरे होते, त्याची तक्रारही खरी होती. पण पंखा उचलला त्या क्षणी फिर्यादी आरोपी झाला. थकबाकीदाराच्या दुकानात आवाज चढविणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे. नोटीस टपालाने पाठवावी आणि पोचपावती जपून ठेवावी.

या आठवड्यात आपली वही उघडा. दलालाच्या तोंडी भरवशावर किती येणे अडकले आहे, त्याची यादी करा आणि सर्वांत जुन्या बाकीपासून सही घेण्यास सुरुवात करा.