शेंगदाणे, डाळे व तीळ यांची पौष्टिक वडी : एक कृतिपाठ

आपल्या जिल्ह्यातील पुष्कळ खेड्यांत मूल शाळेस निघते त्या वेळी आई-वडील शेतावर जाण्याच्या घाईत असतात. रात्रीची भाकरी उरली असली तर ती, नाहीतर नुसता चहा घेऊन मूल वर्गात येते. दुपारच्या आहारास अवकाश असतो आणि तोवर मधल्या बाकांवरील दोन-चार मुले पेंगू लागतात. या पेंगेस आळस म्हणण्यापूर्वी त्या मुलाने सकाळी काय खाल्ले होते, याची चौकशी शिक्षकाने अवश्य करावी. प्रस्तुत पाठाचा उगम अशाच चौकशीत आहे.

शालेय पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलास दररोज ४५० कॅलरी व १२ ग्रॅम प्रथिने मिळावीत, असे प्रमाण ठरविलेले आहे. सात ते नऊ वर्षांच्या मुलास दिवसाकाठी सुमारे २३ ग्रॅम प्रथिने लागतात. उरलेला वाटा घरच्या अन्नातून यावयास हवा. तो जेथे अपुरा पडतो तेथे एक लहानशी वडी मोलाची भर घालू शकते. ती जेवणाची जागा घेऊ शकत नाही, हे मात्र प्रारंभीच ध्यानात ठेवावे.

गोडी आणि पोषण

प्रस्तुत लेखकाने वर्गात ही वडी प्रथम करविली तेव्हा ४०० ग्रॅम शेंगदाण्यांस ६०० ग्रॅम गूळ घेतला होता. वड्या खुसखुशीत झाल्या. मुलांनी त्या आवडीने खाल्ल्या. परंतु दुसऱ्या दिवशी मुलांनीच फळ्यावर हिशेब मांडला, तेव्हा चूक उमगली. १०० ग्रॅम शेंगदाण्यांत सुमारे २५ ग्रॅम प्रथिने असतात, गुळात ती नाममात्रच असतात. म्हणजे एक किलो वड्यांत प्रथिने १०० ग्रॅमच्या आसपास आणि २५ ग्रॅमच्या एका वडीत अवघी अडीच ग्रॅम. आम्ही पौष्टिक वडी म्हणून मिठाईच केली होती. पदार्थास पौष्टिक नाव दिल्याने तो पौष्टिक होत नाही. त्यात काय व किती घातले यावर ते अवलंबून असते. या पाठाचे मुख्य सूत्र हेच होय.

सुधारलेले प्रमाण पुढीलप्रमाणे आहे. यातून २५ ग्रॅमच्या सुमारे ४० वड्या होतात.

शेंगदाणे ४०० ग्रॅम : प्रथिने सुमारे १०० ग्रॅम
फुटाण्याची डाळ (डाळे) १५० ग्रॅम : सुमारे ३३ ग्रॅम
तीळ १०० ग्रॅम : सुमारे १८ ग्रॅम
गूळ ३५० ग्रॅम : सुमारे १ ग्रॅम

एकूण प्रथिने सुमारे १५२ ग्रॅम. म्हणजे दर वडीस ३.८ ग्रॅम, पहिल्या वडीच्या दीडपट. एका वडीपासून सुमारे १२० कॅलरी मिळतात.

तीन धान्ये का घ्यावीत?

प्रथिने ही अनेक अमिनो आम्लांची बनलेली असतात. त्यांपैकी काही आम्ले शरीर स्वतः तयार करू शकत नाही. ती अन्नातूनच घ्यावी लागतात. गवंड्याजवळ विटा पुष्कळ असल्या, पण चुना संपला, तर भिंत तेथेच थांबते. त्याप्रमाणे एक आवश्यक आम्ल कमी पडले तर बाकीच्यांचा पुरेपूर उपयोग होत नाही. आपल्या ज्वारीत लायसिन हे आम्ल कमी असते, तिळात व शेंगदाण्यातही ते कमीच. हरभऱ्यात ते भरपूर असते. उलट हरभऱ्यात मेथिओनिन कमी असते, ते तीळ भरून काढतात. भाकरीबरोबर वरण खाण्याची आपली जुनी रीत याच कारणाने हिताची आहे.

म्हैसूर येथे १९५० साली केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था सुरू झाली. तेथील शास्त्रज्ञांनी तेल काढलेल्या शेंगदाण्याचे पीठ तीन भाग व हरभऱ्याचे पीठ एक भाग घेऊन, त्यात जीवनसत्त्वे व क्षार मिसळून, बहुगुणी पौष्टिक पीठ तयार केले. आपल्या वडीमागील विचार त्याच जातीचा आहे.

कृती

१. शेंगदाणे निवडून मंद आचेवर खमंग भाजावेत व साले पाखडून काढावीत. तीळ निराळे भाजावेत. ते तडतडू लागताच उतरावेत. डाळे नुसते गरम करावेत.

२. शेंगदाणे व डाळे खलबत्त्यात जाडसर कुटावेत व त्यात तीळ मिसळावेत. शेंगदाण्यास किंचित तेल सुटले म्हणजे कूट गुळास चांगले धरते व कमी गुळातही वडी वळते.

३. गूळ चिरून दोन-तीन चमचे पाण्यात मंद आचेवर विरघळवावा. पाकाचा थेंब थंड पाण्यात टाकून पाहावा. तो पसरला तर पाक कच्चा आहे. बोटांत मऊ गोळी झाली तर योग्य आहे. टणक होऊन वाटीत वाजू लागला तर तो चिक्कीचा पाक झाला, कुटाच्या वडीस तो चालत नाही.

४. पातेले खाली उतरवून कूट घालावे व भराभर ढवळावे. तेलाचा हात लावलेल्या थाळीत मिश्रण वाटीच्या बुडाने घट्ट थापावे. कोमट असतानाच वड्या पाडाव्यात आणि पूर्ण निवाल्यावर कोरड्या, घट्ट झाकणाच्या डब्यात भराव्यात.

सावधगिरी

पाकाची उष्णता उकळत्या पाण्याहून अधिक असते आणि तो अंगास चिकटतो. म्हणून चुलीजवळचे काम शिक्षकाने किंवा स्वयंपाक करणाऱ्या ताईंनीच करावे. निवडणे, तोलणे, पाखडणे व मोजणे ही कामे मुलांनी करावीत.

बुरशी आलेले, सुरकुतलेले, हिरवट किंवा कडवट शेंगदाणे निष्ठुरपणे टाकून द्यावेत. १९६० साली इंग्लंडमध्ये बुरशी लागलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीमुळे टर्की पक्ष्यांची एक लाखाहून अधिक पिल्ले दगावली. त्या शोधातूनच अफ्लाटॉक्सिन हे विष उघडकीस आले. भाजल्याने ते पूर्णपणे नष्ट होत नाही. ओल्या पोत्यातील स्वस्त दाणे घेण्यात काटकसर नाही.

काही मुलांना शेंगदाणे किंवा तीळ सोसत नाहीत. अंगावर गांधी उठतात, क्वचित श्वासही कोंडतो. वाटपापूर्वी पालकांना विचारावे. घरी नेलेली वडी अगदी लहान भावंडांस देताना ती कुस्करून द्यावी, असेही मुलांना सांगावे.

सोयाबीन आपल्याकडे विपुल पिकते व त्यात प्रथिने डाळ्यांपेक्षा पुष्कळच अधिक आहेत. परंतु कच्च्या सोयाबीनमध्ये पचनास अडथळा करणारे द्रव्य असते. ते भिजवून, चांगले उकडून, वाळवून व भाजूनच वापरावे, आणि प्रथम निम्म्या डाळ्यांऐवजी घालून पाहावे. परभणीच्या कृषी विद्यापीठात अन्नतंत्र महाविद्यालय आहे. वरच्या वर्गाची सहल तेथे नेता आली तर उत्तमच.

समवाय

गणितात वजन, प्रमाण, सरासरी व दर वडीचा खर्च. विज्ञानात प्रथिने, विरघळणे व बाष्पीभवन. भूगोलात गावच्या शिवारातील खरीप व रब्बीची पिके. भाषेत कृतीचे लेखन. एवढे विषय एका थाळीत सामावतात. खर्चाचा हिशेब मुलांनी गावच्या बाजारभावावरून स्वतः काढावा.

कोरड्या डब्यात ही वडी दोन आठवडे सहज टिकते. दिवाळीच्या सुमारास जी कुटुंबे ऊसतोडीस निघतात, त्यांच्या मुलांना ही कृती निघण्यापूर्वी अवश्य शिकवावी. फडावर पहाटेच कामास जुंपलेल्या आईस रोज वेळेवर चूल पेटविता येईलच असे नाही. डब्यात वडी असली तर मुलाची सकाळ उपाशी जाणार नाही. वहीतला हा पाठ मूल आपल्याबरोबर घेऊन जाते, म्हणून तो नीट उतरवून घेतला आहे की नाही, हे शिक्षकांनी जातीने पाहावे.

स्वाध्याय

१. वरील प्रमाणात गूळ १०० ग्रॅमने वाढविला व शेंगदाणे तेवढेच कमी केले, तर दर वडीतील प्रथिने किती होतील?

२. आपल्या घरी काल कोणते धान्य व कोणती डाळ एकत्र खाल्ली, ते लिहा. त्यांनी एकमेकांची कोणती उणीव भरून काढली?

३. बाजारातील एखाद्या गोड खाऊच्या वेष्टनावरील प्रथिनांचा आकडा वाचा व त्याची आपल्या वडीशी तुलना करा.