तक्रार ठाण्यात, नाव पानठेल्यावर

गावात व्यसनमुक्ती समिती निघाली की पहिल्या बैठकीला सगळे येतात. सरपंच, पोलीस पाटील, मुख्याध्यापक, आशाताई, बचत गटाच्या बाया, भजनी मंडळातले दोघे-तिघे. शपथ होते, फोटो होतो, चहा होतो. समितीत खरं कोण आहे हे कळतं ते पहिली तक्रार झाल्यावर. आमच्याकडे पहिली तक्रार झाली आणि दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत तक्रार करणाऱ्या बाईचं नाव शाळेजवळच्या पानठेल्यावर पोचलेलं होतं.

आमचं गाव चंद्रपूर जिल्ह्यातलं, वैनगंगेच्या अलीकडच्या काठाचं, धानपट्ट्यातलं. नदीपलीकडे गडचिरोली. तिथे १९९३ पासून दारूबंदी आहे आणि ‘मुक्तिपथ’ अभियानाच्या निमित्ताने दारू आणि तंबाखू या दोन्हींविरुद्ध गावोगाव संघटना उभ्या राहिल्या आहेत. आमच्या जिल्ह्यात १ एप्रिल २०१५ ला बंदी आली आणि २०२१ मध्ये उठली. या सगळ्या काळात एक गोष्ट तशीच राहिली, ती म्हणजे खर्रा. सुपारीचा चुरा, तंबाखू, चुना, पन्नीत घालून घोटायचा आणि पुडी खिशात. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, पुढे सुगंधित तंबाखू-सुपारीही बंदीत आली. पण आमच्या भागातल्या पोराला खर्रा मिळवायला गावाबाहेर जावं लागत नाही, उधारीवरही मिळतो.

समिती निघाली ती एका दंत तपासणीमुळे. डॉक्टरांनी आठवी-नववीच्या मुलांना सांगितलं, आपलीच तीन बोटं एकाला एक लावून उभी तोंडात घाला. बहुतेकांनी हसत घातली. एका पोराची दोनच बोटं गेली. तिसरं बोट आत जाईना तेव्हा त्याने हात खाली घेतला, बाहीने तोंड पुसलं आणि रांगेतून मागे सरकला. डॉक्टरांनी त्याला परत बोलावून गालाच्या आत बॅटरी मारली. आतली कातडी पांढुरकी, ताठरलेली. सुपारीमुळे तोंडाच्या आतली त्वचा अशी घट्ट होत जाते, जबडा उघडेनासा होतो, तिखट सोसत नाही आणि पुढे त्यातूनच कर्करोगाची वाट निघू शकते. यासाठी तंबाखूच लागते असं नाही, नुसती सुपारीही पुरते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने सुपारीला कर्करोगकारक ठरवून वीस वर्षं होऊन गेली. तरी आपल्याकडे मुलाच्या हातात गोड सुपारीची पुडी आईबापच देतात.

त्या पोराची आई रोवणी-निंदणीची मजुरी करणारी. ती दुसऱ्या दिवशी शाळेत आली आणि म्हणाली, “बाई, कागद कुठं द्याचा ते सांगा. मी सही करतो.” गावात चाळीस वर्षांपासून राहणाऱ्या मोठमोठ्या लोकांना जे सुचलं नव्हतं ते तिला एका रात्रीत सुचलं होतं.

समितीचे अध्यक्ष म्हणून जे गृहस्थ बसले, त्यांचं गावात वजन. मजुरांच्या टोळ्या लावणारा मुकादम त्यांचा सख्खा भाचा, आणि पानठेल्याची जागा त्या भाच्याच्या मालकीची. ही गोष्ट बैठकीतल्या प्रत्येकाला माहीत होती. मी ती उभी राहून बोलले, तर “बाई, सगळ्यांना धरून चालावं लागते” असं उत्तर मिळालं. सगळ्यांना धरून म्हणजे ज्याचं नुकसान होणार त्यालाच खुर्चीवर बसवून, हे कोणालाच खटकलं नाही. आता दुसऱ्या गावांतली माणसं विचारायला येतात तेव्हा मी पहिली गोष्ट हीच सांगते: समितीची नावं ठरवण्याआधी गावातल्या विक्रीच्या प्रत्येक ठिकाणाची जागा कोणाची, माल कोण आणून देतो, उधारी कोण वसूल करतो, हे कागदावर लिहून काढा. त्या यादीत ज्याचं घर येतं तो माणूस कितीही गोड बोलो, समितीत नको. त्याला कार्यक्रमाला पाहुणा म्हणून बोलवा, हार घाला.

अध्यक्षांनी काय केलं? ‘आडवी बाटली’ची घोषणा केली. टाळ्या पडल्या, पेपरात बातमी आली. आता आडवी बाटली ही फार मोलाची तरतूद आहे; कितीतरी गावांतल्या बायांनी तिच्या जोरावर दुकानं बंद पाडली. २५ टक्के महिला मतदारांच्या सह्यांनी मागणी करायची, उत्पादन शुल्क खातं सह्या तपासतं, मग गुप्त मतदान. यादीतल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडली तर दुकान बंद. मतदानाला आलेल्यांपैकी निम्म्या नव्हेत, यादीतल्या निम्म्या. यावर अनेक गावं आपटली आहेत. पण हा सगळा खटाटोप परवानाधारक दुकानासाठी आहे. आमच्या गावात परवान्याचं दुकानच नाही. ठेल्याच्या मागे पिंपात ठेवलेल्या देशीच्या बाटल्यांना आणि खर्ऱ्याला मतदान कशाला हवं? ते मुळातच बेकायदा. हे मी त्याच बैठकीत सांगितलं, इतिवृत्तात लिहून घ्या म्हणाले, लिहिलं गेलं नाही.

तरीही सह्या गोळा झाल्या. घरोघरी फिरून बायांनी नाव, वय, अंगठे भरले. सगळ्यात वर त्या आईची सही. आणि ते कागद “तपासायला” म्हणून अध्यक्षांच्या घरी गेले. सोबत तिचा ठाण्यात द्यायचा वेगळा अर्जही.

पुढचं तिनेच सांगितलं. दुकानात मीठ आणायला गेली तर ठेलेवाल्याने हाक मारली. आवाज चढवला नाही, शिवी दिली नाही. “काऊन जी काकू, माह्या ठेल्यानं तुमचं काय बिघडवलं? दोन नंबरच्या ओळीत तं तुमी माह्या पोराचंही नाव लिवलं.” अर्जातली दुसरी ओळ. तो अर्ज त्याने वाचलेला होता, किंवा कोणीतरी त्याला वाचून दाखवला होता. अर्जाच्या दोनच प्रती होत्या; एक ठाण्यात, एक अध्यक्षांकडे. त्या क्षणी मला जे कळायचं ते कळलं. त्या हंगामात मुकादमाने तिला रोवणीच्या टोळीत घेतलं नाही. ऐन आषाढात, जेव्हा बाईमाणसाच्या हाताला कधी नव्हे तो रोज काम असतं, तेव्हा ती घरी बसून होती. पोलीस ठेल्यावर आले तेव्हा बरण्यांमध्ये बिस्किटं आणि चॉकलेटं होती, पिंप पालथं घातलेलं होतं, आणि ज्या फळीवर खर्रा घोटतात ती धुऊन उन्हात वाळत ठेवलेली होती.

मी अध्यक्षांना गाठलं. ते म्हणाले, “बाई, गाव लहान आहे, गोष्टी फुटतातच.” नाही. गोष्टी आपोआप फुटत नाहीत, कोणीतरी त्या फोडतं. गाव लहान असणं हे समितीने जास्त जपून वागण्याचं कारण आहे, हात झटकण्याचं नाही.

म्हणून तक्रार एका बाईच्या नावाने करू नका. ग्रामसभेचा ठराव करा आणि अर्ज ठरावाच्या नावाने जाऊ द्या. ग्रामसभेपुढे विषय ठेवायचा तर आधी लेखी द्या, कारण “आयत्या वेळचे विषय” म्हणून तो शेवटी येतो आणि तोवर बाया स्वयंपाकाला उठून गेलेल्या असतात. ठाण्यात जाताना दोन-तीन गावांच्या समित्यांनी मिळून जावं. एकाच दिवशी तीन गावांची यादी गेली की कोणत्या गावातल्या कोणी काय लिहिलं हे हुडकणं अवघड जातं. अर्जाची पोच शिक्क्यासकट घ्या. तोंडी “बघतो” ही पोच नव्हे. पेसा क्षेत्रातल्या, म्हणजे आदिवासी अनुसूचित क्षेत्रातल्या गावांना तर ग्रामसभेतूनच मादक पदार्थांच्या विक्रीवर नियंत्रण ठेवण्याचा अधिकार आहे, तो वापरा.

कलम कोणतं लागतं याकडे डोळ्यांत तेल घालून पाहा. आमच्याकडे ठेलेवाल्याला तंबाखू नियंत्रण कायद्याखाली दंड झाला. २००३ च्या त्या कायद्यात अठरा वर्षांखालच्यांना विकण्याचा किंवा शाळेजवळ विकण्याचा दंड जास्तीत जास्त २०० रुपये. त्याने तो खिशातून काढून दिला आणि ठेला संध्याकाळी उघडला. पण बाल न्याय अधिनियम, २०१५ चं कलम ७७ सांगतं की बालकाला दारू, अमली पदार्थ किंवा तंबाखूजन्य पदार्थ देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. दारू किंवा अमली पदार्थ पोचवायला पोरांना धाडत असतील तर कलम ७८ आहे, शिक्षा तेवढीच. अर्जात हे दोन आकडे लिहिले नाहीत तर कोणी आपणहून लावत नाही.

अंतराचंही तसंच. शाळेपासून १०० यार्डांच्या आत, म्हणजे साधारण ९१ मीटरच्या आत, तंबाखूची विक्री चालत नाही. मोजायला आलेल्यांनी टेप शाळेच्या गेटपासून धरला आणि रस्त्याच्या वळणाने नेला. ठेला बाहेर भरला. ठेलेवाला हात जोडून उभा. नियम असा आहे की अंतर आवाराच्या भिंतीच्या किंवा कुंपणाच्या बाहेरच्या कडेपासून सरळ रेषेत, चारी दिशांना मोजायचं. मागच्या कुंपणापासून मोजलं असतं तर ठेला नक्कीच आत आला असता. मोजणीच्या वेळी नियमाची छापील प्रत हातात असू द्या, आणि पंचनाम्यावर “कुठून मोजलं” हे लिहून घेतल्याशिवाय सही करू नका.

धाडींनीच सगळं होतं असंही नाही. आइसलँडमध्ये १९९८ साली पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांपैकी ४२ टक्के मुलं गेल्या महिन्यात दारू पिऊन झिंगली होती. २०१६ पर्यंत हे प्रमाण ५ टक्क्यांवर आलं. तिथे दरवर्षी शाळांमधून पाहणी झाली, पालकांनी आपसात लेखी करार केले, रात्री उशिरा मुलांनी बाहेर राहण्यावर कायद्याने बंधन आलं, आणि मुलांच्या दुपारी-संध्याकाळी खेळ-संगीताने भरण्यासाठी पैसा दिला गेला. तेवढा पैसा आपल्या गावाकडे नाही. पण आमच्या पोरांचा खर्रा चालतो तो शाळा सुटल्यापासून दिवेलागणीपर्यंत, हे गावातला कोणीही सांगेल, आणि ती वेळ भरायला एक व्हॉलीबॉलची जाळी आणि मैदानावर थांबणारा एक मोठा माणूस लागतो. पालकांनी मुलांशी बोलत राहावं, त्यांच्या मित्रांची माहिती ठेवावी, हे सगळे सांगतात आणि ते खरंच आहे.

एक गोष्ट मात्र कोणी सांगत नाही. व्यसनात सापडलेल्या पोराला चावडीवर उभं करू नका. आमच्या अध्यक्षांना तो मोह झाला होता. पोरांना उठाबशा काढायला लावून व्हिडिओ काढला. ज्यांनी काढल्या त्यातले दोघे शाळेत यायचे बंद झाले, आणि आता ते पंक्चरच्या सोल्युशनचा वास घेतात असं त्यांचेच सोबती सांगतात. देशात २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एम्सच्या पाहणीत, मोठ्यांपेक्षा मुलांमध्ये जास्त आढळलेली नशा हीच, हुंगण्याची. वय १० ते १७ मधली १.१७ टक्के मुलं. गावातल्या समितीच्या यादीत मात्र ती नसते, कारण सोल्युशन विकणाऱ्यावर कोणाचा राग नसतो. विकणारा आणि ओढला गेलेला, दोघांना एका काठीने हाकू नका. पोरासाठी ग्रामीण रुग्णालयातला समुपदेशक गाठा, १४४४६ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर बोला. मुलाला कोणी नशेचा माल देत असेल, त्याच्याकडून विकून घेत असेल तर १०९८ ही बाल हेल्पलाइन.

त्या आईच्या पोराचं तोंड उघडण्याचे व्यायाम चालू आहेत, सुपारी बंद आहे. ती यंदा शेजारच्या गावच्या टोळीत रोवणीला गेली. सह्यांचे कागद अध्यक्षांनी अजून परत केलेले नाहीत. ते कुठे आहेत आणि तिचा अर्ज कोणी वाचून दाखवला, याचा लेखी खुलासा आम्ही मागितला आहे. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेसाठी तो विषय पोचेसह दिला आहे, अध्यक्ष बदलण्याच्या मागणीसकट, आणि या वेळी अर्जाखाली बचत गटांच्या सगळ्या बायांच्या सह्या गोलाकार आहेत, कोणतीच पहिली नाही.